चौकीतली सही: मराठी मंडळ्यांच्या पंचांना खुले पत्र

आदरणीय पाळकसाहेब आणि पंच बंधूभगिनींनो,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

हे पत्र मी आधी बंद पाकिटात दिलं होतं. सेक्रेटरींनी ते घेतलं, खिशात ठेवलं आणि "पुढच्या मीटिंगला वाचू" म्हणाले. त्यानंतर तीन मीटिंगा झाल्या. म्हणून आता उघड लिहिते, आणि फक्त आमच्याच मंडळीला, म्हणजे चर्चला, नाही. कळव्यापासून पनवेलपर्यंत जिथे जिथे मराठीत उपासना होते, तिथल्या सगळ्या पंचांना, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्यांना, लिहिते. कारण चौकीत एका कागदावर सही केली म्हणून आमच्याकडे एका पंचाला काढलं, आणि तेच थोड्याफार फरकाने आणखी दोन ठिकाणी झाल्याचं माझ्या कानावर आलं आहे. नाव कुणाचंच लिहिणार नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

गेल्या श्रावणातली गोष्ट. घणसोलीच्या बाजूला गावठाणातल्या एका इमारतीत आमची बुधवारची कॉटेज मीटिंग, म्हणजे घरातली प्रार्थनासभा, होती. घर आमच्याच एका पंचाचं, म्हणजे भाड्याचं, अकरा महिन्यांच्या करारावरचं. तो एमआयडीसीत ठेकेदाराकडे कामाला, बायको तीन घरी पोळ्या करते. त्याच्या सासूचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं म्हणून उपकारस्तुती होती. आम्ही चौदा माणसं, त्यात पाच मुलं. तिसरं गीत चाललं होतं, पेटी तोच वाजवत होता, आणि दार वाजलं.

वीस-पंचवीस पोरं होती. "इथे धर्मांतर चाललंय" असं म्हणत आत आली, मोबाईल समोर धरून. एकाने फळीवरची शास्त्रं, म्हणजे बायबलं, मोजली. दुसऱ्याने त्या आंधळ्या झालेल्या, आता कुठे दिसू लागलेल्या म्हातारीला विचारलं, "आजी, किती पैसे दिले यांनी?" ती म्हणाली, "बाबा, आमच्या आज्याच्या काळापासून आम्ही ख्रिस्ती, तेव्हाचा भाव मला ठाऊक नाही." मला त्याही वेळी हसू आलं. पण ते पुढे टिकलं नाही. पोलीस आले आणि आम्हा सगळ्या मोठ्यांना चौकीत नेलं. रात्री पाऊण वाजता सुटलो.

खरं ते सांगते. चौकीत कुणी हात लावला नाही. मला खुर्ची दिली, चहा दिला. एक हवालदार तर कळवळून म्हणाला, "मावशी, लिहून द्या आणि घरी जा, आमचीही ड्युटी संपू दे." मग त्या आमच्या भावाने लिहून दिलं, की यापुढे माझ्या राहत्या घरी प्रार्थनेसाठी बाहेरची माणसं जमवणार नाही. खाली सही. माझ्यापुढे कागद आला नाही. आला असता तर त्या रात्री मीही सही केली असती, हे इथे लिहून ठेवते.

आठ दिवसांत घरमालकाने घर सोडायला सांगितलं. त्याच्या पुढच्या रविवारी तुमची मीटिंग झाली आणि त्याला पंचपदावरून काढलं. ठरावात कारण लिहिलं आहे: "सार्वजनिकरीत्या विश्वासाचा इन्कार." प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस, बंद. मुदत लिहिलेली नाही. म्हणजे ज्यांनी त्याच्या घरात घुसून गोंधळ घातला त्यांनी त्याचं घर घेतलं, आणि आपण त्याची मंडळी घेतली.

पाळकसाहेब, मी त्याला भेटून आले. आता दिघ्याला राहतो. तो मला म्हणाला, "मावशी, मी येशूला नाकारलं नाही. माणसं जमवणार नाही एवढंच लिहिलं. पण ते म्हणाले, दोन्ही एकच." मी परत येताना गाडीत बसून तेवढाच विचार करत होते. दोन्ही एकच आहे का?

घरी येऊन बायबलातलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक काढलं. सतरावा अध्याय आपण प्रेषित पौलासाठी वाचतो आणि यासोनाला ओलांडून जातो. थेस्सलनीकात पौल ज्याच्या घरी उतरला होता तो हा यासोन. बाजारातले रिकामटेकडे लोक जमवून त्याच्या घरावर चाल केली गेली. पौल सापडला नाही म्हणून घरमालकालाच अधिकाऱ्यांपुढे ओढत नेलं. तिथे यासोनाने आणि इतरांनी काय केलं? जामीन दिला आणि सुटले. त्याच रात्री बंधूंनी पौलाला गावाबाहेर काढून दिलं. जामिनावर नेमकं काय लिहिलं होतं ते शास्त्र सांगत नाही, पण पौल लगेच गेला यावरून तर्क करता येतो, की "या माणसाला पुन्हा घरात घेणार नाही" असंच काहीसं असणार. यासोनाला कुठल्या पंच मंडळाने काढल्याचं मला कुठे आढळलं नाही. उलट त्याच थेस्सलनीकाच्या मंडळीला पौल पुढे लिहितो, की तुम्ही मोठ्या संकटात वचन स्वीकारलंत आणि सगळ्या मासेदोनियात तुमचा कित्ता झाला. त्या मंडळीत जामीन देणारे होते, तरी हे लिहिलं.

तुम्ही म्हणाल, सिस्टर, तुम्ही आता आम्हाला शास्त्र शिकवता? नाही. मी सदतीस वर्षं वॉर्डात काढली, शास्त्र शिकवायचं मला येत नाही. पण ज्या माणसाला ताप आहे त्याला "तू आजारी का पडलास" म्हणून वॉर्डाबाहेर काढत नाहीत, एवढं मला येतं.

त्या रविवारचा संदेश मी विसरले नाही. नाव न घेता सगळं त्याच्यावरच होतं. पाळकसाहेब, तुम्ही म्हणालात, "याच ठाण्याच्या मातीत चार जणांनी ख्रिस्तासाठी प्राण दिले, आणि आपल्याला एक कागद फाडता येत नाही." ते चौघे कॅथलिक, फ्रान्सिस्कन संघाचे साधू. एरवी आपण प्रोटेस्टंट त्यांच्या मूर्तींवर, मेणबत्त्यांवर बोलतो, पण शौर्य सांगायची वेळ आली की त्यांना हक्काने उसने घेतो. असो. मी ती गोष्ट शोधून वाचली, कारण तुम्ही ती अर्धीच सांगितली होती.

एप्रिल १३२१. तोलेन्तिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे डिमेट्रियस. त्यांना जायचं होतं कोल्लमला. वाऱ्याने जहाज ठाण्याच्या खाडीत आणलं. तेव्हा ठाण्यात ख्रिस्ती होतेच, पूर्वेकडच्या नेस्टोरियन परंपरेचे. पंधरा घरं, असं ओडोरिक नावाचा प्रवासी साधू लिहितो. त्यांतल्याच एका घरात हे उतरले. त्या घरात एके दिवशी नवराबायकोचं भांडण झालं, नवऱ्याने बायकोला मारलं. ती तक्रार घेऊन काझीकडे गेली आणि म्हणाली, आमच्या घरच्या पाहुण्यांनी पाहिलंय, त्यांना विचारा. तिघे साक्षीला गेले. पीटर सामान सांभाळायला घरी थांबले. साक्ष राहिली बाजूला, धर्मावर वाद पेटला आणि तिघांचा जीव गेला. दोन दिवसांनी पीटरचाही. म्हणजे हुतात्म्यांची ही कथा सुरू होते ती एका बाईच्या मारहाणीपासून, हे आपण कधी सांगत नाही. (आणि सांगताना काझीवर जोर देऊन मुंब्र्याच्या दिशेने हातही करू नये. पुढे दिल्लीच्या सुलतानाने ठाण्याच्या मलिकालाच, म्हणजे तिथल्या अधिकाऱ्यालाच, बोलावून मृत्युदंड दिला, असंही तोच ओडोरिक लिहितो.)

आता माझा प्रश्न. त्या पंधरा घरांचं काय झालं?

चौघे परदेशी होते, संन्यासी होते. त्यांना घरभाडं नव्हतं, मुलांची शाळा नव्हती. ते गेले आणि अमर झाले. पण ती पंधरा कुटुंबं दुसऱ्या दिवशी सकाळी याच गावात उठली असतील. तोच बाजार, तेच शेजारी, तोच मलिक. त्यांना कुणी बोलावून काही लिहून घेतलं असेल का? काही जणांनी गप्प राहून पोरं वाढवली असतील का? त्यांच्याविषयी कुठे ओळ नाही. पाळकसाहेब, आपण त्या चौघांचे वारस कमी आणि त्या पंधरा घरांचे जास्त आहोत. आपला भाऊ तर नक्कीच.

आणि एक पाचवा होता. जॉर्डानस. याच टोळीतला, पण तो त्या दिवशी ठाण्यात नव्हता. परत आला, सोबत्यांचे देह मिळवले आणि सोपाऱ्याला नेऊन पुरले. मग याच किनाऱ्यावर राहून काम करत राहिला. १३२९ मध्ये त्याला कोल्लमचा बिशप नेमलं. जो वाचला त्याने पुरलं आणि जो वाचला त्यानेच पुढे काम केलं. वाचणं हा गुन्हा धरला असता तर या गोष्टीतलं आपल्याला काहीही कळलं नसतं.

सहीचाही इतिहास आहे. इसवी सन २५० मध्ये रोमच्या डेसियस बादशहाने हुकूम काढला, की प्रत्येकाने देवांना बळी वाहायचा आणि तसा दाखला घ्यायचा. इजिप्तच्या वाळूत असे चाळीसहून जास्त दाखले सापडले आहेत, अगदी आपल्या तहसील कचेरीतल्यासारखे: अमुक गावचा अमुक, मी नेहमीच बळी वाहत आलो आहे, आज तुमच्यासमोर वाहिला, सही करावी. खूप ख्रिस्ती लोकांनी बळी वाहिला. काहींनी वाहिला नाही, पण पैसे देऊन दाखला मिळवला. छळ थांबल्यावर हे सगळे दाराशी आले आणि मंडळीत फूट पडायची वेळ आली. रोमच्या मंडळीतला नोव्हेशियन म्हणाला, यांना कधीच आत घ्यायचं नाही. कार्थेजचे बिशप सिप्रियन मध्ये उभे राहिले. पश्चात्ताप हवा, चौकशी हवी, पण दार बंद करायचं नाही. आणि ज्यांनी नुसता दाखला घेतला होता त्यांना आधी घ्यायचं. असा निर्णय २५१ मध्ये झाला.

हे सिप्रियन स्वतः त्या छळात लपून बसले होते. त्यावरून त्यांना बरंच ऐकावं लागलं. २५८ मध्ये पुन्हा छळ झाला तेव्हा ते लपले नाहीत. त्यांचा शिरच्छेद झाला. पहिल्या वेळी लपल्याबद्दल त्यांना कुणी कायमचं बाहेर टाकलं असतं, तर दुसऱ्या वेळी उभं राहायला तो माणूस उरला असता का?

दाखल्यांवरून आठवलं, आणि हे लिहू की नको याचा मी दोन दिवस विचार केला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा लाभ आधी फक्त हिंदूंना, १९५६ पासून शिखांना, १९९० पासून बौद्धांना मिळतो. ख्रिस्ती झालात की जात जाते असं कायद्याला वाटतं. विहीर वेगळी होती तिथे जात गेली नाही हे नगर-जालन्याकडून आलेल्या आपल्या प्रत्येकाला माहीत आहे. मग आपल्या घरांतून काय होतं? रविवारी ख्रिस्ती आणि दाखल्यावर हिंदू. मी अन्यायाच्या बाजूने बोलत नाही. तो आदेश मला अन्यायाचाच वाटतो, आणि ज्याने पोराच्या शिक्षणासाठी तसं केलं त्याला दगड मारायला मी हात उचलणार नाही. पण पंच मंडळात बसलेल्यांनी एकमेकांकडे एकदा पाहावं. कचेरीत केलेली सही आपल्याला दिसत नाही, चौकीत केलेली दिसते, असं का? आमच्याही घरी हा वाद झाला होता. आम्ही तो अर्ज केला नाही. श्रद्धेमुळे नव्हे, कागद पुरे झाले नाहीत म्हणून.

आणि माझी स्वतःची गोष्ट तर त्याहून वाईट. मी कुठेच सही केलेली नाही, तरीही. आपली आडनावं अशी, की सांगितल्याशिवाय कुणाला कळत नाही. "तुम्ही ख्रिश्चन? पण नाव तर मराठी आहे!" हे वाक्य मी नोकरीभर ऐकलं. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशात ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन लहान मुलांना गाडीत जाळलं, त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डब्याच्या वेळी एक जण म्हणाली, "उगाच कोण जाळेल, काहीतरी करतच असतील." मुलं दहा आणि सहा वर्षांची होती. मी डब्याचं झाकण लावलं आणि थर्मामीटरचा ट्रे घेऊन उठले. कुणी धमकावलं नव्हतं, नोकरी जाणार नव्हती, पोलीस नव्हते. येशूला नाकारणाऱ्या पेत्राला निदान शेकोटीपाशी तीनदा विचारलं तरी होतं. मला कुणी विचारलंही नाही. त्या रविवारी मी प्रभुभोजन घेतलं. माझ्याविरुद्ध ठराव झाला नाही.

थोडं उलट बाजूनेही बोलते, नाहीतर हे पत्र एकतर्फी होईल. आपल्यावर येणारा प्रत्येक खटका म्हणजे छळ नव्हे. दुपारी दोनला लाऊडस्पीकर लावला आणि सोसायटीने तक्रार केली, हा छळ नाही. गेटसमोर गाड्या लावल्या आणि भांडण झालं, हाही नाही. आपल्यातले काही प्रचारक माईकवर शेजाऱ्यांच्या देवांची टिंगल करतात, त्यावर टाळ्याही पडतात, आणि मग कुणी चिडून आलं की आपण लगेच मत्तय पाच, म्हणजे "छळ सोसणारे धन्य", काढतो. पेत्राने पहिल्या पत्रात खुनी आणि चोर यांच्या पंगतीत दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करणाऱ्यालाही बसवलं आहे. असल्या कारणाने कुणी दुःख भोगू नये म्हणतो. पण त्या बुधवारी घणसोलीत असलं काहीच नव्हतं. दार लावून, पंखा लावून, एका म्हातारीच्या डोळ्याबद्दल आभार मानत होतो.

आता मागणं. पहिलं म्हणजे तो ठराव मागे घ्या. "विश्वासाचा इन्कार" हे शब्द इतिवृत्तातून काढा. त्याला बोलावणं पाठवू नका. पाळकसाहेब आणि दोन पंच असे तुम्हीच त्याच्या घरी जा. फिलिप्पै शहरात पौलाला आणि त्याचा सोबती सीला याला खटल्याशिवाय फटके मारून कोंडलं आणि सकाळी निरोप पाठवला, "जा आता." पौल म्हणाला, आम्ही रोमी नागरिक, यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं. आणि अधिकाऱ्यांना यावं लागलं. चूक चारचौघांत झाली की ती दुरुस्त करायला पायांनी जावं लागतं.

याच गोष्टीत दुसरंही आहे. पौलाने कायद्याचा आधार घ्यायला लाज मानली नाही, मग आपण का मानतो? संविधानाच्या कलम २५ बद्दल, म्हणजे धर्मस्वातंत्र्याबद्दल, सभेत बोलायला घेतलं की "प्रभू पाहून घेईल" म्हणून विषय संपतो. त्या रात्री आम्हा चार बायकांना मध्यरात्रीपर्यंत चौकीत बसवलं. मला नंतर एका वकील मुलीने सांगितलं, की नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ प्रमाणे चौकशीत माहिती विचारायला बाईला किंवा साठीच्या पुढच्या माणसाला राहत्या जागेतून बाहेर बोलावता येत नाही. पोलिसांनी घरी यायचं. मी बाईही आहे आणि अडुसष्ट वर्षांचीही. हे एक वाक्य त्या खोलीत कुणाला माहीत असतं तर आम्ही घरीच थांबलो असतो आणि कदाचित तो कागदही लिहिला गेला नसता. मंडळीत दोन वकील आहेत. त्यांना वर्षातून एकदा नाताळच्या नाटकात मागी राजे करतो, त्याऐवजी एका रविवारी अर्धा तास बोलू द्या. न वाचता सही करायची नाही, केली तर प्रत मागायची, रात्री फोन कुणाला करायचा, एवढं मुलांनाही पाठ हवं.

आणि पैसे. मागच्या हंगामाच्या सणाला लिलावात एक भोपळा अडीच हजाराला गेला, टाळ्या वाजल्या. त्याच आठवड्यात हा भाऊ नव्या घराच्या डिपॉझिटसाठी सोनाराकडे बायकोच्या कुड्या ठेवत होता. आपल्या कुणालाच माहीत नव्हतं असं म्हणू नका, मला माहीत होतं आणि मी दोन जणांना सांगितलंही होतं. विश्वासात टिकून राहा, असं सांगणं फार सोपं आहे. टिकायला छप्पर लागतं. ज्याच्या घरी प्रार्थना भरते त्याचं घर गेलं तर डिपॉझिट मंडळीने भरायचं, एवढा नियम करा. मग पाहा, किती जण घर द्यायला तयार होतात ते.

तो प्रार्थना सोडून बसलेला नाही. रात्री दहाला, मुलांचा अभ्यास झाल्यावर, चौघे आणि सासू मिळून बसतात. गीत हळू आवाजात म्हणतात. बाहेरची माणसं जमवत नाही, लिहून दिल्याप्रमाणे. मी गेले त्या दिवशी मला दारातच म्हणाला, "मावशी, तुम्ही बाहेरच्या की घरच्या?" मी म्हटलं, घरची. मग आत घेतलं.

त्याची पेटी मात्र अजून माझ्याकडे ऐरोलीला आहे. त्या रात्री मीच ती उचलून आणली होती. भाता एका बाजूला फाटला होता, तो दुरुस्त करून घेतला आहे. आता ती दिघ्याला पोचवायची आहे. चौथा मजला आहे, लिफ्ट नाही, आणि माझे गुडघे तुम्हाला ठाऊक आहेत. येत्या शनिवारी संध्याकाळी पाचनंतर मी घरीच आहे. दोन पंच पुरेत. पाळकसाहेब आले तर बरंच.

तुमच्याच मंडळीतली,
एक निवृत्त परिचारिका
ऐरोली